सोलापूरच्या गिरण्या : कापसाची धूळ आणि आनुवंशिकता

सोलापुरात 1877 मध्ये उत्पादन सुरू करणाऱ्या ‘जुन्या गिरणी’मागोमाग नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोवतालच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून, तसेच तेलंगणातून आलेल्या कुटुंबांना त्यांनी जशी मजुरी दिली, तशीच कापसाची धूळही दिली. गाठी फोडण्याच्या, पिंजण्याच्या आणि कार्डिंगच्या, म्हणजे तंतू विंचरण्याच्या, खात्यांत ती सर्वांत दाट असे. तिच्यात पाना-देठांच्या चुऱ्याबरोबर एंडोटॉक्सिन, म्हणजे विशिष्ट जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील विषारी घटक, मिसळलेला असतो आणि त्यामुळे श्वासनलिका आकसतात. या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. आरंभी साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि धुळीतले काम चालूच राहिले, तर कित्येकांना दमा जडल्यासारखी कायमची धाप लागते.

एकाच खात्यात, सारख्याच धुळीत राबणाऱ्या दोघांपैकी एकालाच हा त्रास का व्हावा, याचे उत्तर कामाची वर्षे आणि विडी-तंबाखूची सवय यांतून बरेचसे मिळते, पण सगळे मिळत नाही. एंडोटॉक्सिनची चाहूल घेणाऱ्या टीएलआर-4 या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात काही माणसांमध्ये सूक्ष्म बदल असतो आणि त्यांच्या श्वासनलिका या विषाला कमी प्रतिसाद देतात, असे 2000 च्या सुमारास दिसून आले. आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी तर 1938 मध्येच कुंभारकामातील ब्राँकायटिसच्या संदर्भात अशा जन्मजात फरकाची शक्यता मांडली होती आणि ज्यांचा पिंड त्या विकाराला बळी पडणारा आहे, त्यांना त्या धंद्यात येऊ न देण्याचा मार्गही सुचवला होता.

हा मार्ग सोलापूरच्या इतिहासाशी ताडून पाहिला, की निरुपद्रवी वाटत नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली येथे तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची वसाहत, होती, तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात आणि त्यांच्या रक्तातच गुन्हा आहे या निराधार समजुतीवर तो कायदा 1952 पर्यंत टिकला. जनुकांवरील संशोधन प्रयोगसिद्ध असल्याने त्याची त्या समजुतीशी बरोबरी करणे अन्यायाचे ठरेल. तरीही उमेदवाराचे रक्त तपासून धूळ तशीच ठेवण्याचा मोह दोन्हींना जवळ आणतो. 1948 च्या कारखाने कायद्याने मात्र धूळ जिथे उठते तिथेच, शक्य तितक्या जवळून, ती खेचून घेण्याची यंत्रणा बसवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली आणि तेथे काम करणाऱ्याचा पिंड कसा आहे, हे त्या कलमात विचारले नाही.