मैदानात जात नसते?

सिल्लोडला टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचा बक्षीस समारंभ असला की एक वाक्य हमखास कानावर पडते : मैदानात जातपात नसते. त्यासाठी दाखला द्यायचा झाला तर क्रिकेटपटू बाळू पालवणकरांसारखा दुसरा मिळणार नाही. म्हणून तो आधी पुरता मांडू. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. डावखुऱ्या फिरकीच्या जोरावर ते मुंबईच्या हिंदू जिमखान्यात पोचले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. मग मैदान निर्मळ नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

याच चरित्राच्या आधाराने म्हणता येते. पुण्यात बाळू महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी झाडत, रोलर फिरवत. सरावाला गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करत. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले ते सामने जिंकायचे होते म्हणून. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली की तेच खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, टेबलही वेगळे. विटाळ कधी मानायचा आणि कधी विसरायचा, हे संघाच्या गरजेवर ठरत होते.

‘पण शेवटी कप्तानपद त्या घरात गेलेच ना?’ हा आक्षेप खरा महत्त्वाचा. ते कसे गेले ते पाहा. सर्वांत अनुभवी गोलंदाज असूनही बाळूंना वर्षानुवर्षे डावलले गेले. १९२० साली कप्तान पै आजारी पडले, तेव्हा बाळूंना वगळून संघातल्या देवधरांकडे सूत्रे दिली. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निषेध करून संघ सोडला. लोकमत तापले, तेव्हा बाळूंना उपकप्तानपद मिळाले. १९२३ चा निर्णय या झगड्याचे फळ आहे. त्याचे श्रेय मैदानाच्या खात्यावर टाकणे म्हणजे भांडणाऱ्यांचे श्रेय हिरावणे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नियमांचा एक जनक टॉम विल्स याने १८६६ साली मूलनिवासी क्रिकेटपटूंचा संघ घडवला. १८६८ साली मूलनिवासी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा जॉनी मुलाघने १,६९८ धावा आणि २४५ बळी मिळवले. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियात मूलनिवासींच्या राहण्या-वावरण्यावर सरकारी पहारा बसवणारा कायदा झाला. टाळ्या वाजल्या, हक्क गेले.

तेव्हा माझे म्हणणे असे : मैदान कौशल्य दाखवण्याची जागा देते, समता देत नाही. समता मागावी लागते, प्रसंगी संघ सोडून मागावी लागते. आपल्या स्पर्धांत सगळ्या वस्त्यांतली मुले खेळतात, हे चांगलेच आहे. पण मैदानात जात नाही, असे म्हणण्याआधी नाणेफेकीला कोण जातो, संघ कोण निवडतो आणि रोलर कोण ओढतो, हे तपासावे. उत्तर दरवर्षी तेच येत असेल, तर पालवणकर बंधूंचे काम अपुरे आहे आणि ते आपल्याकडे आले आहे.