सारा कोणी भरला? : वऱ्हाडातील करव्यवस्था आणि दलित समाज

‘करदाता’ हा शब्द अलीकडे एका ठरावीक अर्थाने वापरला जातो. शिष्यवृत्तीचा विषय निघो, वसतिगृहाचा निघो की राखीव जागांचा, कोणीतरी हटकून विचारतोच : ‘आमच्या कराच्या पैशावर हे किती दिवस चालायचे?’ विचारणाऱ्याच्या मनात करदाता म्हणजे आयकर भरणारा माणूस असतो. ज्याचे उत्पन्न तेवढे नाही तो कर देत नाही, तो फक्त घेतो, असे त्याने गृहीत धरलेले असते. महाविद्यालयातला दलित विद्यार्थी हा प्रश्न ऐकतो आणि पुष्कळदा मान खाली घालतो.

मान खाली घालण्याचे त्याला काहीही कारण नाही. या देशाच्या तिजोरीत सर्वांत जुना, सर्वांत नियमित आणि सर्वांत न मोजलेला कर कोणाचा असेल तर तो त्याच्या वाडवडिलांचा आहे. हे भावनेच्या भरात म्हटलेले नाही. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडच्या दोन जिल्ह्यांचा करविषयक इतिहास पाहिला तरी ते सिद्ध होते.

१. सारा वाहून नेणारा माणूस

वऱ्हाड हा काळ्या मातीचा, म्हणून साऱ्याचा मुलूख. १५९६ साली तो मोगलांकडे गेला, पुढे निजामाकडे आला. मधल्या काळात मराठ्यांचा अंमलही त्यावर होता. राज्ये बदलली, पण जमिनीच्या उत्पन्नातला हिस्सा उचलण्याची पद्धत मोडली नाही. देशमुख-देशपांडे परगण्याचा हिशेब ठेवीत, पाटील-पटवारी गावाचा. इतिहासाच्या पुस्तकांत या सर्वांची नावे आणि मानपान सविस्तर सापडतात.

पण सारा एकट्या पाटलाने वसूल होत नसे. कुणब्याला चावडीवर बोलावून आणणारा, शेताच्या हद्दीचा वाद पडला की साक्ष देणारा, सरकारी माणूस गावात आला की त्याचे ओझे उचलणारा आणि जमा झालेली रक्कम डोक्यावर घेऊन कचेरीपर्यंत पोचवणारा माणूस महार होता. राज्याची तिजोरी त्याच्या डोक्यावरून गेली. या कामाबद्दल त्याला पगार नव्हता. खळ्यावर उरलेसुरले धान्य, मेलेल्या जनावराचे कातडे आणि दारोदार मागितलेली भाकर, हाच त्याचा ‘हक्क’ मानला गेला.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर बिनमोबदल्याची सक्तीची मेहनत हा करच आहे. तो रोख न घेता देहातून घेतला जातो, एवढाच फरक. कुणब्याचा सारा पटवारी लिहून ठेवी. महाराची वेठ कोणीच लिहिली नाही. म्हणून इतिहासात कुणबी निदान ‘रयत’ म्हणून उरला, आणि महार देणारा म्हणून कुठेच उरला नाही.

२. ठेका, गहाण आणि भाडे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाम सरकार कर्जात बुडाले आणि वऱ्हाडचा वसूल सावकारांच्या हाती गेला. पुरणमल हा हैदराबादचा सावकार आणि पेस्तनजी ही पारशी पेढी, यांच्याकडे मोठमोठ्या परगण्यांचा वसूल लावून दिलेला होता. कर घेणारा आणि कर्ज देणारा एकच झाला की रयतेची काय गत होते हे सांगायला नको.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवले. कारण काय, तर हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च आणि त्यापोटी थकलेले कर्ज. म्हणजे जी फौज वऱ्हाडच्या माणसाने कधी मागितली नाही, तिच्या पगारासाठी त्याचा मुलूख गहाण पडला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिले आणि निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळू लागले. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले.

‘वऱ्हाड कमावते आणि मध्य प्रांत खातो’ ही तक्रार तेव्हापासूनची. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी ती कौन्सिलात मांडली, वर्तमानपत्रांतून मांडली आणि स्वतंत्र वऱ्हाडाची मागणी तिच्यावर उभी केली. ती खोटी नव्हती. परंतु ती मांडणाऱ्यांनी एक प्रश्न कधी विचारला नाही : वऱ्हाडच्या आत कोण कमावतो आणि कोण खातो?

१८६१ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी पाहणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर पडला, आकार ठरला आणि पटवाऱ्याच्या वहीत ज्याचे नाव चढले तो जमिनीचा धनी झाला. बहुसंख्य दलितांचे नाव त्या वहीत चढलेच नाही. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटले, कापसाचे भाव चढले, रेल्वे आली आणि खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या. सारा रोखीत भरायचा, म्हणून कापूस पेरायचा. कापूस पेरायचा, म्हणून सावकाराकडे जायचे. सरकारचा हप्ता आणि सावकाराचे व्याज भागवून कुणब्याच्या हाती जे उरे, त्यातून वेचणीची मजुरी निघे. वरून आलेला दाब शेवटी कापूस वेचणाऱ्या बाईच्या पदरात उतरे. साऱ्याच्या पावतीवर तिचे नाव नव्हते. साऱ्याचा एक वाटा मात्र तिच्या मजुरीतून कापला गेला होता.

३. खारे पाणी आणि महाग मीठ

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खणली तर खारे पाणी लागते. पूर्वी या पाण्यापासून मीठ काढीत असत. इंग्रजी अमलात परवान्याशिवाय मीठ करणे गुन्हा ठरले. पायाखाली मीठ असलेल्या माणसाला दुकानातून कर भरलेले मीठ विकत घ्यावे लागले.

१८८२ साली मिठावरचा कर मणाला २ रुपये होता, १८८८ साली तो अडीच रुपये झाला. या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासाठी साधा हिशेब मांडू. माणशी वर्षाला सहा शेर मीठ धरले, तर पाच माणसांच्या घराला तीस शेर, म्हणजे पाऊण मण मीठ लागते. त्यावरचा कर एक रुपया चौदा आणे. मजुराची रोजी तीन आणे धरली, तर दहा दिवसांची मजुरी केवळ मिठाच्या करात गेली. पाच माणसांच्या देशमुखाच्या वाड्यातही मीठ तेवढेच लागते आणि करही तेवढाच पडतो. पण वाड्याला तो खर्च कळतसुद्धा नाही. सर्वांना सारखा दिसणारा कर सर्वांना सारखा लागत नाही, हा करशास्त्रातला पहिला धडा आहे. तो शिकायला विलायतेला जावे लागत नाही. पूर्णाकाठच्या महारवाड्यात शिकता येतो.

उलट, १८८६ च्या आयकर कायद्याने ५०० रुपयांखालचे उत्पन्न तर वगळलेच, पण शेतीचे उत्पन्न कितीही असले तरी वगळले. शेतीवर सारा आहे, हे त्याचे कारण सांगितले गेले. श्रीमंत जमीनदाराला आयकर नाही आणि भूमिहीनाच्या मिठाला माफी नाही, अशी ती व्यवस्था होती.

१९३० च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ करून कायदा मोडण्यात आला. त्या लढ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मिठावरचा कर हा गरिबांवरचाच कर होता. पण त्याच साली, २ मार्चला, नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झालेला होता. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर ही सर्वांत मोठी संपत्ती, आणि गावच्या अशा विहिरीवर अस्पृश्याला पाय ठेवता येत नसे. सरकारचे मीठ नाकारणाऱ्या किती हातांनी गोड्या विहिरीचा काठ दलितांना मोकळा केला? हा प्रश्न देशभक्तीच्या विरोधात नाही. तो देशभक्तीचा हिशेब पुरा करण्यासाठी आहे.

४. कर दिला, तर हक्क कुठे आहे?

कर आणि हक्क यांचा सांधा प्रथम महात्मा फुले यांनी दाखवला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट केले की सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. पुढच्या वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही हाच विचार आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याचा पाया धर्माचा नव्हता, दयेचाही नव्हता. तो सार्वजनिक पैशाचा होता. जे सर्वांच्या पैशाने उभे राहिले त्यावर सर्वांचा हक्क. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्यामागे हे तत्त्व होते. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, पण लोकल बोर्डाच्या विहिरी येथेही होत्या आणि प्रश्नही तोच होता.

त्याच १९२७ साली मुंबई कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमीन-महसुलाच्या अन्यायावर बोट ठेवले. आयकर ठरावीक उत्पन्नाच्या वर लागतो. सारा मात्र एकराचा धनी असो की शंभर एकरांचा, कोणालाच सोडत नाही. पीक बुडाले तरी सोडत नाही. ‘प्रोव्हिन्शियल फायनान्स’वर १९२५ साली ग्रंथ लिहिलेल्या माणसाचे हे बोल होते. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून पूजतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणून वाचत नाही. ही आपल्या चळवळीची मोठी उणीव आहे.

५. गुंतागुंत कोणाच्या सोयीची?

मिठावरचा कर १९४७ साली गेला. त्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाडात विक्रीकराचा कायदा आला. पुढे मुंबई विक्रीकर कायदा (१९५९), २००५ साली मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. नावे बदलली, पण वस्तूच्या किमतीत दडून गरिबाच्या खिशात शिरण्याची रीत मिठाचीच राहिली.

वस्तू व सेवा करात व्यापाऱ्याने आधी भरलेला कर त्याला वजा करून मिळतो. शेवटच्या गिऱ्हाइकाला तो मिळत नाही. कोरडवाहू शेतकऱ्यालाही मिळत नाही, कारण तो या कराच्या वहीतच नाही. २०१७ साली खतावर ५ टक्के आणि कीटकनाशकांवर १८ टक्के ठरले, ते त्याने मुकाट सोसायचे. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद धान्य-पिठावरही ५ टक्के लागले. १ जानेवारी २०२२ ला हजार रुपयांच्या आतल्या पादत्राणांवरचा कर ५ वरून १२ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पुन्हा ५ वर आला. मधली पावणेचार वर्षे स्वस्त चपला घालणाऱ्याने जे भरले ते परत येणार नाही.

आता वरच्या मजल्यावर पाहा. वारसाहक्काच्या संपत्तीवरचा कर १९८५ साली रद्द झाला. संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. २०१९ साली कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याची मुभा दिली गेली. बड्या शेती-उत्पन्नावर कर बसवण्याची शिफारस के. एन. राज समितीने १९७२ साली केली. ती फाइलीतच राहिली. कायदा गुंतागुंतीचा आहे हे खरे; पण ती गाठ सोडवायला एकाकडे सनदी लेखापाल असतो, दुसऱ्याकडे दुकानाची पावतीसुद्धा नसते.

न्याय्य कर अशक्य आहे असे मात्र नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराकडून घेतलेल्या पैशात राज्याने तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या भूमिहीनाला मागेल तेव्हा काम द्यायचे, असा तो करार. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कामांवर दलित, आदिवासी आणि स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. वरून घेऊन खाली देणारा कर कसा असतो, हे या राज्याने एकदा करून दाखवले आहे.

६. आपण काय करावे?

पहिली गोष्ट, ‘करदाता’ हा शब्द आपण परत घ्यावा. चहाची पुडी, साबणाची वडी, सायकलची ट्यूब विकत घेणारा प्रत्येक जण करदाता आहे. शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती आपल्याच पैशाची, फार उशिरा आणि फार थोडी झालेली परतफेड आहे.

दुसरी गोष्ट, हिशेब मागावा. १९७९-८० पासून सुरू झालेल्या विशेष घटक योजनेत अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. आपल्या जिल्ह्यात तो किती ठेवला, किती खर्चला, किती दुसरीकडे वळवला, हे विचारणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात हवा. जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हे काम महत्त्वाचे आहे, आणि त्याला वर्गणी लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो.

आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांचा सारा डोक्यावर वाहून कचेरीत पोचवला. गाठोड्यात किती आहे, हे विचारण्याची त्यांना मुभा नव्हती. आपल्याला ती आहे. तरीही आपण विचारले नाही, तर तो दोष मात्र इतिहासाचा असणार नाही.