बाहुलीची शिलाई

राणी व्हिक्टोरियाकडे लहानपणी १३२ बाहुल्या होत्या. तेव्हा ती राणी झाली नव्हती. केन्सिंग्टन राजवाड्यात आईच्या कडक नजरेखाली वाढणारी, बरोबरीच्या मुलांचा सहवास फारसा न मिळालेली अकरा-बारा वर्षांची मुलगी होती ती. बाहुल्या लाकडी, वीतभर नाहीतर त्याहूनही लहान, काही महाग वगैरे नव्हेत. पण कपडे बघावेत! बऱ्याच बाहुल्या म्हणजे तिने रंगमंचावर पाहिलेल्या गायिका आणि नर्तकी. त्यांची नावं आणि भूमिका वहीत टिपून ठेवलेल्या. या १३२ पैकी ३२ बाहुल्यांचे कपडे तिने स्वतःच्या हाताने शिवले. बाकीचे बहुतेक तिच्या गव्हर्नेस लेहझेनबाईंनी.

१८९२ साली फ्रान्सिस लो नावाच्या लेखिकेने 'स्ट्रँड' मासिकात या बाहुल्यांवर लेख लिहिला, दोन वर्षांनी पुस्तकही काढलं. त्यामुळे कुणी किती शिवलं याचा हिशेब आपल्यापर्यंत पोचला. मला तो ३२ चा आकडा फार आवडला. ३० नाही, ३५ नाही. बत्तीस. कुणीतरी मोजले म्हणून.

या वाचनाला कारण आमची सांगलीची मावशी. नातेवाइकांना सांगायला नकोच, पण इतर वाचकांसाठी : मावशी बाहुल्यांचे कपडे शिवते. खणाचं परकर-पोलकं, पैठणीच्या उरलेल्या काठाची नऊवारी, थंडीसाठी विणलेली कानटोपी. आधी भाचरंडांसाठी हौस म्हणून, आता ऑर्डरी घेऊन. व्हॉट्सॲपवर फोटो टाकते, परदेशातल्या नातींसाठी मागण्या येतात. आणि प्रत्येक तिसरी बाई तेच विचारते, "अहो, एवढ्याशा साडीचे दोनशे रुपये?"

एवढ्याशा! इथेच तर मेख आहे.

बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. त्या हिशेबाने तिची नऊवारी दीड वार लांब आणि आठेक इंच रुंद हवी. कापड तेवढं कापता येतं. पण धाग्याला कोण सांगणार की बाबा रे, तूही सहापट बारीक हो? कापडाची जाडी तीच राहते. खऱ्या साडीसारख्या निऱ्या घातल्या की बाहुलीला सातवा महिना लागल्यासारखं दिसतं. म्हणून मावशी जुन्या धुवट मलमलीचं कापड घेते, लांबी बरीच कमी करते, निऱ्या आतून कापून टाक्यांनी धरते आणि काष्टा वेगळा शिवून जोडते. पोलक्याचीही तीच तऱ्हा. बाही आधी शिवून मग मुंढ्यात बसवायची सोयच नाही, कारण त्या बोगद्यात बोट जात नाही. कापड सपाट असतानाच बाही मुंढ्याला जोडायची, मग बाही आणि कूस एकाच टिपेत मिटवायची आणि चिमट्याने उलटं सुलट करायचं. पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवावी लागते, कारण बाहुली काही हात वाकवून देत नाही. तिथे दोन टिचबटणं, तीही हातशिलाईने. मशीनच्या दातांत इतकं चिमुकलं कापड गिळलं जातं, म्हणून खाली वर्तमानपत्राचा कपटा ठेवून टीप मारायची आणि मग कागद फाडून काढायचा. कापड वाचतं ते फक्त. वेळ उलट जास्त जातो.

चार्ल्स डिकन्सला हे ठाऊक असावं. 'अवर म्युच्युअल फ्रेंड' (१८६४-६५) या कादंबरीत जेनी रेन नावाची मुलगी आहे, पाठीने अधू, धंदा बाहुल्यांच्या शिंपिणीचा. वाया गेलेल्या चिंध्या, मणी विकत घेते आणि श्रीमंत बायका रस्त्यात दिसल्या की नजरेनेच त्यांच्या पोशाखाचं माप घेऊन येते. व्हिक्टोरियाच्याच राज्यात राणीची हौस होती तेच जेनीचं पोट. अर्थात जेनी कादंबरीतली.

खऱ्या शिंपिणी शोधायला गेले तर पोचले थेट जपानला.

बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिल्यांदा आली. रूथ हँडलरबाईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं. कपड्यांची रचना मात्र शार्लट जॉन्सन या बाईंची. जपानमध्ये शिलाई स्वस्त म्हणून कंपनीने त्यांना टोकियोला पाठवलं. तिथल्या इंपीरियल हॉटेलात मुक्काम ठोकून त्यांनी फुमिको मियात्सुका या जपानी सहकारिणीबरोबर एकेक पोशाख बसवला. बारीक विणीचं कापड, बारीक नक्षी, बारीक चेन. मावशीचे सगळे प्रश्न तिथेही होतेच. पहिल्या वर्षी २२ पोशाख बाजारात आले. बाहुली तीन डॉलरला आणि पोशाख एक डॉलरपासून पाचपर्यंत. म्हणजे एखादा पोशाख बाहुलीपेक्षा महाग! बाहुली एकदाच घेतली जाते, कपडे पुन्हा पुन्हा. खरा धंदा कपड्यांचाच होता.

आणि ते शिवले कुणी? जपानी गृहिणींनी, आपापल्या घरी बसून. त्या कामाला जपानीत 'नाइशोकु' म्हणतात, शब्दशः घरातलं काम. कापलेले तुकडे घरी यायचे, तयार कपडे जायचे, नगावर मजुरी. पहिल्या वर्षात तीन लाखांवर बाहुल्या खपल्या. त्यांच्या कपड्यांचे किती टाके झाले असतील याचा विचार करून बघा. त्या बायकांची यादी मला कुठे सापडली नाही. राणीचे ३२ मोजले, यांचे लाखो नग मोजले ते फक्त मजुरी चुकती करण्यापुरते. पुढे जपानमधली मजुरी वाढली, तशी शिलाई तैवान, हाँगकाँगकडे सरकली.

आज त्याच १९५९-६० च्या पोशाखांवर संग्राहक भरपूर पैसे मोजतात. अस्तर, चेन, आतलं लेबल, हातशिलाईचे टाके भिंगाखाली तपासतात. टाका जितका सुबक तितका भाव चढा. हे वाचताना मला जरा रागच आला. असो.

जाता जाता एक योगायोग. बार्बी जत्रेत उभी राहिली त्याच आठवड्यात, १५ मार्च १९५९ ला, आपल्या मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढचं लिज्जत. कामाचा ढाचा बराचसा सारखा, पीठ घरी न्यायचं, पापड आणून द्यायचे, वजनावर मजुरी. फरक एवढाच की इथे लाटणारी प्रत्येक बाई मालकीणही होती, नफ्यातोट्यात वाटेकरी. मला हा फरक प्रचंड वाटतो. काम घरात बसून केलं म्हणून ते स्वस्त होतं असं नाही. भाव कोण ठरवतं यावर ते ठरतं.

तर गेल्या विकांताला मी आणि मावशी हिशेबाला बसलो. तिला हे असलं काही आवडत नाही. "हौसेचं काम गं, त्याला कसला हिशेब?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, आणि गंमत म्हणजे ते नेहमी बायकांच्याच कामाबद्दल असतं. काकांचं तबल्याचं वेडही हौसच की, पण शिकवणीचे पैसे ते महिन्याच्या एक तारखेला वाजवून घेतात. (काका, रागावू नका :-) )

एका नऊवारीला कापड, काठ, टिचबटणं मिळून पंचवीस रुपये. वेळ साडेतीन तास, तोही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून फक्त दिवसाउजेडी. दोनशेतून पंचवीस वजा जाता तासाला पन्नास रुपये पडले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई याहून जास्त घेतात आणि त्यांनी घ्यायलाच हवेत. मावशीने कागद उलटा करून पाहिला, मागे काही आकडा राहिलाय का म्हणून. मग चष्मा काढून म्हणाली, "म्हणजे मी पोळ्याच लाटल्या असत्या तर बरं होतं की!" आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

तिची अडचण वेगळीच आहे. दर वाढवला तर ऑर्डरी थांबतील, आणि ऑर्डरी थांबल्या तर दुपार कशी जायची? पैशापेक्षा त्या दुपारचं भय मोठं आहे. काका दुकानात, मुलं पुण्यात. हे मला आधी कळलंच नव्हतं असं नाही, पण तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्या जपानी बायकांपैकीही कुणाच्या दुपारी अशाच असतील का, कोण जाणे.

पुष्कळ घासाघीस झाली, ग्राहकाशी नव्हे, खुद्द मावशीशी. येत्या महिन्यापासून नऊवारी साडेतीनशे, परकर-पोलकं अडीचशे. नातेवाइकांनाही तोच दर, आधीच सांगून ठेवते. आणि तिने एक वही घातली आहे. आतापर्यंतच्या आठवतील तेवढ्या ऑर्डरी तारीखवार लिहायला घेतल्यात. काल रात्री फोनवर म्हणाली, एकशे अठरापर्यंत आलेय, ठाण्याच्या वन्संच्या नातीची बाहुली धरायची का? तिचे पैसे घेतले नव्हते.

धर म्हटलं.