नीस, एले
(१५ डिसेंबर १९००–१ ऑक्टोबर १९८४). फ्रेंच मोटार-शर्यतपटू व नर्तकी. मूळ नाव मारिएत एलेन दलांग्ल. जन्म फ्रान्सच्या यूर-ए-ल्वार विभागातील ओने-सू-ओनो या खेड्यात एका टपालवाल्याच्या कुटुंबात. एले-नीस हे तिने रंगभूमीसाठी घेतलेले नाव. पॅरिसच्या कासिनो द पारीसारख्या रंगमंदिरांतून तिने नर्तकी म्हणून लौकिक मिळविला. तथापि बर्फावरून घसरण्याच्या खेळात गुडघ्याला इजा झाल्याने तिला नृत्य सोडावे लागले व ती मोटार-शर्यतींकडे वळली.

१९२९ मध्ये पॅरिसजवळील माँलेरी येथे केवळ महिलांसाठी भरविलेली ग्रां प्री शर्यत तिने जिंकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तेथेच बुगाटी मोटार ताशी १९० किमी.हून अधिक वेगाने चालवून तिने महिलांमधील वेगाचा विक्रम केला. १९३० मध्ये तिने अमेरिकेचा दौरा केला. नंतर बुगाटी व आल्फा रोमिओ मोटारी घेऊन ती यूरोपातील शर्यतींत पुरुषांच्या बरोबरीने उतरू लागली. पहिल्या प्रतीची ग्रां प्री तिने कधी जिंकली नाही. पण अशा शर्यतींत ती सातत्याने भाग घेत राहिली. १० सप्टेंबर १९३३ रोजी मॉन्त्सा येथे तीन चालक मृत्युमुखी पडले, त्या शर्यतींतही ती होती. १९३६ मध्ये ब्राझीलमधील साऊँ पाउलूच्या शर्यतीत तिची मोटार प्रेक्षकांत घुसून अनेकांचा बळी गेला. ती स्वतःही तीन दिवस बेशुद्ध होती. तरीही १९३७ मध्ये माँलेरी येथील दहा दिवस व दहा रात्री चाललेल्या सहनशक्तीच्या चाचण्यांत तिने इतर महिला चालकांसह अनेक विक्रम नोंदविले.

या कारकीर्दीचा शेवट धावमार्गावर झाला नाही. १९४९ मध्ये माँटे कार्लो रॅलीच्या निमित्ताने भरलेल्या समारंभात ल्वी शिराँ या विख्यात चालकाने, जर्मन अंमलाच्या काळात ती गेस्टापोची हस्तक होती, असा सर्वांसमक्ष आरोप केला. पुरावा कोणताही दिला नाही. परंतु युद्धोत्तर फ्रान्समध्ये असा संशय पुरेसा होता. आश्रयदाते व स्नेही दुरावले आणि अखेरची वर्षे तिने नीस शहरात दारिद्र्यात, गरजू कलावंतांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेच्या आधारावर काढली.

मिरांडा सीमोर या ब्रिटिश लेखिकेने लिहिलेले तिचे चरित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी जर्मन दप्तरांत केलेल्या शोधात हस्तक म्हणून तिची नोंद आढळली नाही. नोंदीचा अभाव हा निर्दोषत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. परंतु आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते आणि ती येथे कधीच पार पाडली गेली नाही. तिचे विक्रम घड्याळावर मोजले गेले होते, शर्यतींचे निकाल छापले गेले होते. उलट आरोपामागे केवळ एका प्रतिष्ठित व्यक्तीचा शब्द होता. तरीही अनेक दशके लोकांच्या स्मरणात शब्द राहिला व नोंदी विस्मृतीत गेल्या. तिच्या रक्षेचे दफन सँत-मेम येथील कुटुंबाच्या थडग्यात झाले. तेथे तिच्या नावाची पाटी बसली ती २०१० मध्ये.