माळवद, खण, जोते, पट्टा

लातूर-नांदेडकडील जुन्या घरांचे माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती रोखायला नवी माती टाकली जाई. त्यामुळे वजन वाढतच जाई. दोन खांबांमधले अंतर तो खण. घराचा आकारही खणांतच सांगतात. जोते म्हणजे पायावरचा, जमिनीच्या वर दिसणारा चौथरा.

भूकंपाच्या दृष्टीने खरा दोष मात्र भिंतीत असे. दोन्ही बाजूंना दगडांचे दर्शनी थर, मध्ये माती आणि कपच्यांची भर. दोहोंना बांधणारा आरपार दगड नसेल, तर हादऱ्याने हे थर सुटतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी भूकंपात असंख्य भिंती अशाच ढासळल्या. अशा भिंतींसाठी भारतीय मानक १३८२८ (१९९३) उंचीत किमान दर ६० सेंटिमीटरला आरपार दगड सुचवते. पट्टा म्हणजे जोते, लिंटल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई) वा छताच्या पातळीवर सर्व भिंतींभोवती फिरणारी सलग सळईयुक्त काँक्रीटची पट्टी. कोपऱ्यात तुटलेला पट्टा जवळजवळ निरुपयोगी. अशा घराच्या तपासणीत प्रथम पाहायचे ते भिंतीचा फुगवटा आणि कोपऱ्यातली उभी भेग. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषा बहुधा किरकोळ असतात.