पडद्याआडचा आवाज

आमच्यापैकी एकाच्या चिंचवडच्या घरी नवा रिसीव्हर घ्यायचे ठरले तेव्हा आम्हा तिघांनाही त्या विषयावर ठाम मते होती, आणि तिघांचीही मते ऐकीव होती. (हा शब्द इतक्या अचूकपणे वापरायची संधी क्वचितच मिळते.) रिसीव्हर म्हणजे रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि निरनिराळ्या यंत्रांचे आवाज निवडायची सोय एकाच पेटीत बसवलेले उपकरण. हल्लीच्या रिसीव्हरांत टीव्हीचा आवाज पाच-सात स्पीकरांत वाटून देण्याचीही व्यवस्था असते. एकाचे म्हणणे असे की जपानी बनावटीचे ॲम्प्लिफायर 'कोरडे' वाजतात. दुसऱ्याच्या मते इंग्रजी ॲम्प्लिफायरमध्ये 'ऊब' असते. तिसऱ्याने 'पारदर्शक' हा शब्द काढला. समीक्षेच्या तासाला विद्यार्थ्यांनी हीच विशेषणे एखाद्या कवितेला लावली, तर आम्ही लगेच विचारतो : कशावरून? तोच प्रश्न यंत्राच्या बाबतीत कोणी, केव्हा आणि कसा विचारला, याचा शोध घेताना हे टिपण तयार झाले.

आपल्याकडे ॲम्प्लिफायर आला तो दिवाणखान्यातून नव्हे, सभेच्या मांडवातून. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्कर येथे विद्युत उपकरणांचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो कराचीला आणि तिथून मुंबईला आला आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने देशभर ओळखला जाऊ लागला. काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना कर्णे पुरवणारी ती हीच कंपनी. टिळकांच्या पिढीला ही सोय मिळाली नाही. तेव्हा वक्त्याच्या छातीत जेवढा जोर, तेवढी त्याची सभा. गांधीजींचा आवाज मुळातच हळू. मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत तो नेणे, एवढीच त्या यंत्राकडून अपेक्षा होती. १९४२च्या लढ्यातील गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर ग्यानचंदांचे पुत्र नानिक मोटवाने हेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. पुढे या घराण्याचा कारखाना नाशिकला उभा राहिला. शिकागो रेडिओचा आवाज 'उबदार' होता की 'कोरडा', असा प्रश्न त्या काळी कुणाला पडला असेल असे वाटत नाही. शब्द पोहोचतो की नाही, हा प्रश्न होता.

दुसरा प्रश्न निर्माण होण्यासाठी आधी पहिला सुटावा लागतो. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. पंधरा वॉट शक्ती देताना त्यात होणारी ध्वनीची विकृती ०.१ टक्क्याहून कमी होती. म्हणजे मूळ आवाजात यंत्राने आपल्या पदरचे जवळजवळ काहीच घालू नये, हे उद्दिष्ट तेव्हाच हाताशी आले होते. नंतर व्हॉल्व्ह मागे पडले, ट्रान्झिस्टर आले आणि वाद पेटला. मापनयंत्रावर ट्रान्झिस्टर सरस ठरत असले तरी कानाला कर्कश लागतात, अशी तक्रार जाणकार करू लागले. ती सर्वस्वी खोटी नव्हती. सुरुवातीच्या काही ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांत खरोखरच दोष होते. पण दोष दूर झाल्यावरही तक्रारीचे शब्द जसेच्या तसे राहिले.

१९७८ साली 'क्वाड' कंपनीच्या पीटर वॉकर यांनी या वादाची परीक्षा घडवून आणली. जेम्स मॉयर यांनी ती घेतली. क्वाडचेच तीन ॲम्प्लिफायर, एक जुना व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, जाणकार श्रोत्यांना कोणता वाजतो आहे हे न सांगता ऐकवले गेले. नाणे उडवून जेवढी उत्तरे बरोबर येतील, त्याहून अधिक त्यांना देता आली नाहीत. जानेवारी १९८७च्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकातील चाचणी आमच्या दृष्टीने अधिक बोलकी, कारण तिच्यात सुमारे २२० डॉलरचा साधा रिसीव्हर होता आणि हजारो डॉलरची व्हॉल्व्हची जोडीही होती. निकाल तोच.

यावरून 'सगळे ॲम्प्लिफायर सारखेच' असे म्हणणे मात्र घाईचे होईल. १९८५ साली बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले : तुमच्या पसंतीचा कोणताही महागडा ॲम्प्लिफायर द्या, माझ्या स्वस्त ॲम्प्लिफायरचा आवाज मी हुबेहूब तसा करून देतो. दोहोंत आधी फरक होताच. व्हॉल्व्हचे काही ॲम्प्लिफायर स्पीकरच्या बदलत्या रोधाप्रमाणे कुठे स्वर किंचित उचलतात, कुठे दाबतात. कार्व्हर यांनी तो फरक मोजला, काही दिवसांत आपल्या यंत्रात उतरवला आणि संपादकांना मग दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. तेव्हा ज्याला 'ऊब' म्हणतात ती असू शकते; पण असेल तर ती मोजता येते आणि तिची नक्कलही करता येते.

या साऱ्याची पूर्वकथा त्याहून गमतीची आहे. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव जाहीर कार्यक्रम केले. गायिका रंगमंचावर फोनोग्राफबरोबर गाई, दिवे मालवले जात, आणि दिवे लागल्यावर श्रोत्यांना दिसे की गायिका केव्हाच निघून गेली आहे, गाते आहे ते यंत्र. ॲना केस या गायिकेने बऱ्याच वर्षांनी सांगितले की ती आपला आवाज मुद्दाम यंत्रासारखा काढत असे! अनुकरण कोण कोणाचे करीत होते, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवा नसावा.

इथे आय. ए. रिचर्ड्स आठवणे अपरिहार्य आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि आलेल्या अभिप्रायांवर १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' लिहिले. नाव झाकताच भल्याभल्यांचा निर्णय डळमळला. वर्गात आम्ही हा प्रयोग दरवर्षी थोडाफार करतो, आणि ॲम्प्लिफायरच्या चाचण्या वाचताना हीच ती परीक्षा असे प्रथम वाटले. पण साम्य इथेच संपते. कवितेवरचे नाव काढले तरी तिचा प्रत्येक शब्द तिथेच असतो, आणि वाचक चुकला तर पुन्हा त्या शब्दांकडे जाऊ शकतो. चांगल्या ॲम्प्लिफायरवरचे नाव काढले की परत जायला काही उरतच नाही, कारण त्याने स्वतःचे काही बोलू नये हीच त्याची घडण आहे. रिचर्ड्सचे विद्यार्थी असलेले नीट वाचू शकले नाहीत. आपण नसलेले वाचत होतो.

'आपण' म्हणण्याचे कारण असे की आम्हीही ती परीक्षा दिली. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली आणि तिच्याभोवती आजचा पिंपरी कॅम्पचा बाजार वाढला. तिथून रिसीव्हर दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणला आणि घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरशेजारी ठेवून वर चादर टाकली. पहिल्या फेरीत तिघांनाही एकच यंत्र 'स्पष्टच सरस' वाटले. मग एका माजी विद्यार्थ्याने, जो आता चाकणच्या एका कारखान्यात चाचणी विभागात आहे, स्पीकरच्या तारांवर मल्टीमीटर लावला. सरस यंत्र एक डेसिबलने मोठे वाजत होते, इतकेच. दोन्हींची पातळी जुळवल्यावर सोळा-सोळा फेऱ्या झाल्या. बरोबर उत्तरे नऊ, सात आणि आठ. नुसत्या योगायोगाने ओळखले नाही असे म्हणायला निदान बारा हवी होती. 'पारदर्शक' म्हणणाऱ्याची सात.

चादरीसमोर चौथी व्यक्तीही बसली होती. घरमालक मित्राचे वडील. त्यांची हयात भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये गेली. आपल्या कारखाना नियमांप्रमाणे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस ८५ची आहे. आकड्यांत फरक पाचाचा दिसतो, पण ध्वनीची ऊर्जा तिपटीहून अधिक होते. अशा गोंगाटाने कान जातो तो एकदम नव्हे. प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा झिजतो. 'स', 'श', 'फ' यांचा मोठा भाग त्याच्याच आसपास आणि वर असतो. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात. 'सात' की 'हात' हे संदर्भावरून ताडावे लागते. आम्ही एका डेसिबलवर तास घालवला, त्या सबंध वेळात ते हातातला चहा घेऊन शांतपणे बसले होते. शेवटी त्यांनी विचारले, "अरे, ह्याच्यावर बातम्या कळतील का रे?"

त्या पट्ट्यात या पिंपरी-भोसरी-चाकणच्या किती घरांतील कान बसत असतील, याचा विचार आम्ही तोवर केला नव्हता. मांडवातला प्रश्न इथल्या दिवाणखान्यात अजून सुटलेलाच नाही.

त्यानंतरची निवड फार झटकन झाली. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याचा मोह सोडला. शक्ती दुप्पट केली तरी पातळी तीनच डेसिबल वाढते, आणि तो आकडाही बहुधा सगळे स्पीकर एकदम न वाजवता काढलेला असतो. वाचलेले पैसे मधल्या स्पीकरवर घातले, कारण रिसीव्हर बोलण्याचा बराचसा भाग त्याच्याकडे वळवतो आणि त्याची पातळी इतरांहून वेगळी वाढवता येते. रिमोटवर ती कळ मोठी आहे ना, एवढे पाहिले. पातळी चार डेसिबलने वर नेली. बातम्यांतली माणसे एवढी ओरडतात कशाला, अशी आता त्यांची तक्रार आहे.