विमानाच्या शेपटावरील रेम



2009 साली मी भाच्याकडे कतारला तीन आठवडे राहिलो होतो. त्याचे घर दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट या वस्तीत होते. अरबीत तिला अल-मतार अल-कदीम म्हणतात. विमानतळ इतका निकट, की गच्चीवर उभे राहिले असता उतरणाऱ्या विमानांची शेपटे स्पष्ट दिसत आणि बोलणे मधेच थांबवावे लागे. एके सायंकाळी भाच्याच्या धाकट्या मुलीने मला विचारले, ‘‘आजोबा, विमानावर बोकड का काढलाय?’’ मी ‘हरीण आहे ते’ म्हणून वेळ मारून नेली. त्या उत्तराची मला पुढे लाज वाटली, आणि मग मी शोध घेऊ लागलो. आज जे सांगणार आहे ते त्या शोधाचे फळ.

कतार एअरवेज ही कंपनी 1993 साली स्थापन झाली आणि जानेवारी 1994 मध्ये तिची विमाने उडू लागली. तिचे चिन्ह म्हणजे अरबी ओरिक्सचे मस्तक. हा प्राणी आपल्या काळविटाचा दूरचा नातलग. अंग पांढरे, पाय गडद तपकिरी, तोंडावर काळसर पट्टे, आणि नर असो वा मादी, दोघांनाही जवळजवळ सरळ, लांब शिंगे. अरबीत त्याला ‘महा’ म्हणतात. तो कतारचा राष्ट्रीय प्राणी आहे. 2006 च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धांचा शुभंकर ‘ऑरी’ हाही ओरिक्सच होता.

आपल्या पिढीला विमानाचे चिन्ह म्हटले की प्रथम आठवतो एअर इंडियाचा महाराजा. 1946 साली बॉबी कूका यांनी तो कल्पिला आणि उमेश राव यांनी रेखाटला. तो कोण्या संस्थानचा नव्हता. मुंबईच्या एका जाहिरातकचेरीतच जन्मला. चिन्ह म्हणून कल्पिताची सोय अशी, की ते मरत नाही. कतारने मात्र एक खराखुरा प्राणी निवडला, आणि तोही असा, की जो नुकताच मरता मरता वाचला होता.

रंगाविषयी थोडे सांगतो. चिन्हाचा तो काळपट लाल रंग कतारच्या ध्वजाचाच. कतारच्या ईशान्य किनाऱ्यालगत अल-खोर येथे एक लहानसे बेट आहे. तेथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढीत. फोडलेल्या शिंपल्यांचे ढीगच उत्खननात सापडले. मिश्कानच्या पडद्यांसाठी तोरेत जो ‘आर्गामान’ सांगितला आहे, त्याच जातीचा हा उद्योग. ध्वजाचा रंग थेट त्या शिंपल्यांतून आला असे तेथे अभिमानाने सांगतात. मला मात्र हा दुवा फार लांबचा वाटतो; तीन हजार वर्षांचे अंतर एका उडीत ओलांडता येत नाही.

ओरिक्सची कथा तशी नाही. तिचे टप्पे दाखवता येतात. मोटारी आणि बंदुका वाळवंटात आल्या आणि शिकारीला सीमा उरली नाही. 1962 साली लंडनच्या एका प्राणिरक्षक संस्थेने मेजर इयन ग्रिमवुड यांना तेव्हाच्या एडन संरक्षित प्रदेशात धाडले. काही ओरिक्स जिवंत पकडून दूर न्यावेत म्हणजे वंश तरी उरेल, हा हेतू. त्यांना मोजकेच सापडले. त्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील, कुवेतमधील आणि सौदी राजाकडील प्राण्यांची भर पडली, आणि अवघ्या नऊ ओरिक्सांचा कळप अमेरिकेत फिनिक्स येथे जमला. तेथील हवा अरबस्तानासारखी कोरडी व उष्ण म्हणून ते गाव निवडले होते. दहा वर्षांनी, 1972 साली, ओमानच्या जिद्दत अल-हरासीस या सपाटीवरील शेवटचे मोकळे ओरिक्स मारले गेले. त्यानंतर रानात ओरिक्स उरला नाही. जो उरला तो परदेशात आणि अरबस्तानातील काही धनिकांच्या कुंपणांत.

परतीचा प्रवास 1978 साली सुरू झाला. अमेरिकेतील कळपांतले काही ओरिक्स जॉर्डनच्या शौमारी अभयारण्यात आले. 1982 साली ओमानमध्ये त्याच सपाटीवर त्यांना मोकळे सोडले. 1996 पर्यंत तेथे साडेचारशे झाले. मग पुन्हा चोरटी शिकार, पुन्हा घसरण, आणि उरले पासष्ट. ओमान सरकारने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटवले, तेव्हा 2007 साली युनेस्कोने त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढले. यादीतून एखादे स्थळ वगळले जाण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे कतारची विमाने ओरिक्सचे मस्तक मिरवीत जगभर फिरत होती, त्याच वर्षांत शेजारच्या देशात तो दुसऱ्यांदा संपण्याच्या बेतात होता. 2011 साली मात्र संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याचे स्थान सुधारले. रानातून एकदा नाहीसा झालेला प्राणी इतका सावरल्याचे हे पहिलेच उदाहरण होते.

आता ‘रेम’ या शब्दाकडे येतो. शब्बाथला आपण जे 92 वे तेहिलीम म्हणतो, त्यात उंचावलेल्या शिंगाच्या उपमेत हा शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा ‘एकशिंगी’ असा अर्थ केला आणि त्यावरून इंग्रजी बायबलात ‘युनिकॉर्न’ शिरला. बाजूने पाहिल्यास ओरिक्सची दोन शिंगे एकावर एक येऊन एकच भासतात, म्हणून तो प्राणी हाच, असे काहींचे मत. बहुतेक विद्वान मात्र तोरेतला रेम म्हणजे रानटी बैल मानतात, आणि मलाही तेच पटते. अक्कादी भाषेतील ‘रिमू’ हा शब्द बैलाचाच आहे. परंतु आधुनिक हिब्रूने ‘रेम’ हे नाव ओरिक्सलाच दिले. एलातला नातलगांकडे जाणाऱ्यांनी वाटेत योतवाता येथील हाय-बार अवश्य पाहावे. तेथील रेमही अमेरिकेतील कळपांतूनच आले, आणि 1997 पासून अरावात मोकळे सोडले जाऊ लागले.

2014 साली दोह्याची सारी प्रवासी विमाने नव्या हमद विमानतळावर गेली. जुना विमानतळ 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी काही काळ पुन्हा उघडला होता. भाच्याची ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. गेल्या पेसाहला ती मुंबईस आली, तेव्हा मी तिला हे सारे सांगितले. ती हसून म्हणाली, ‘‘म्हणजे बोकड नव्हता तर.’’